पंडितांची तबकडी

पंडित ही पदवी त्यांना कुठल्या विद्यापीठाने दिली नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतल्या सहकाऱ्यांनी दिली होती, आणि तीही वैतागून. जेवणाच्या सुट्टीत कुणी मोबाइलवर एखादं गाणं लावायचा अवकाश, हे गृहस्थ हातातला घास खाली ठेवून खरं संगीत म्हणजे काय ते समजावायला लागायचे. डबे रिकामे व्हायचे, सुट्टी संपायची, वर कुठल्या तरी मजल्यावर अडकलेली माणसं ओरडून ओरडून गप्प बसायची, पण पंडितांचं समजावणं काही संपायचं नाही.

खरं संगीत जगात एकच होतं आणि ते पंडितांच्या बाहेरच्या खोलीत, शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवलेलं होतं. एक तबकडी, एका रॉक गिटारवाल्याची. पंडित त्याचा उल्लेख नेहमी ‘साहेब’ असा करत, जसं काही दोघांचं रोजचं जाणंयेणं आहे. हे साहेब तरुणपणी एका दणदणाटी बँडमध्ये होते. केस कमरेपर्यंत, गिटार गुडघ्यापर्यंत, आणि आवाज असा की चार गल्ल्यांतल्या कुत्र्यांनी साथ द्यावी. मग बँडमध्ये भांडणं झाली, साहेब बाहेर पडले आणि त्यांनी एकट्याच्या नावावर एक अल्बम काढला. त्यात गाणारं कुणी नाही. नुसती गिटार, मागे बेस आणि ड्रम. अल्बम फारसा कुणी विकत घेतला नाही, आणि पंडितांच्या लेखी हेच त्याच्या थोरवीचं पहिलं प्रमाणपत्र होतं.

तबकडी त्यांना लग्नाआधी जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली होती. तिच्या मधल्या गोल कागदावर दुकानदाराने किमतीची पट्टी नेमकी छापील अक्षरांवर डकवलेली. ती पंडितांनी कधी काढली नाही. जाणकाराने वस्तू मूळ रूपात ठेवायची असते, असं ते म्हणत. दुकानदाराची पट्टी मूळ रूपात कशी काय मोडते, हे विचारायची घरात कुणाची टाप नव्हती. प्लेअर मात्र थोरल्या भावाने टाकायला काढलेला. त्याची एक कळ मोडून आत गेली होती, पण तबकडी फिरत होती आणि आवाज येत होता, तेवढं पंडितांना पुरे होतं.

आणि काय तो आवाज! संथ, जड, विहिरीच्या तळातून यावा तसा. सुरुवातीला कुणाचा तरी घोगरा उसासा ऐकू यायचा, मग एक सूर निघायचा, तो दमत दमत पुढच्या सुरापर्यंत पोचायचा आणि तिथे जरा टेकायचा. ड्रमवाला दोन ठोक्यांच्या मध्ये बहुधा चहा पिऊन येत असावा. पंडितांना यात अथांग दुःख ऐकू आलं. मित्र तुटले, बँड तुटला, म्हणून साहेबांनी गिटारच्या तारासुद्धा सैल सोडल्यात, असा त्यांचा सिद्धान्त होता. दर रविवारी पाहुणे जमवून ते तबकडी लावत. तो उसासा आला की हात वर करून सगळ्यांना गप्प करत आणि डोळे मिटून म्हणत, "हा साहेबांचा. संपला माणूस इथे." थोड्या वेळाने पाहुणेही संपत यायचे. पंडितांच्या बायकोने लग्नानंतर लवकरच ओळखलं, की रविवारी कपडे वाळत घालायला गॅलरीत बराच वेळ लागतो.

"कान नाही हो हिला," पंडित पाहुण्यांना सांगत, ती ऐकेल अशा बेताने.

मुलीला मात्र कान होता. घरात तिला चिंगी म्हणत. ती तेरा वर्षांची झाली तेव्हा पंडितांनी हौसेने तिला गिटार आणून दिली आणि स्वतः शिकवायला बसले. स्वतःला वाजवता येत नव्हतं, पण शिकवण्यासाठी त्याची गरज असते असं त्यांना कधी वाटलं नाही. चिंगीने तबकडीवरची पहिली धून ऐकून ऐकून सूर शोधायला सुरुवात केली. तिच्या लक्षात आलं की खालचे सूर गिटारवर सापडतच नाहीत. तार सैल करावी तर ती नुसती फडफडते. म्हणून तिने तीच धून वरच्या सुरांत घेतली. तिथे बोटं आपसूक पडायला लागली, आणि बोटं मोकळी झाली तशी धून पळायला लागली.

"बाबा, हे बघा ना, इथून किती सोपं जातं!"

"सोपं?" पंडितांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "साहेब काय सोपं वाजवायला बसलेत? हळू. अजून हळू. गाडी चुकतेय का तुझी?"

ती हळू वाजवायची आणि रंगात आली की पुन्हा पळायची. पंडित पुन्हा अडवायचे. असे कितीतरी रविवार गेले. एकदा पाहुण्यांसमोर तिने ती धून धरली आणि कुणाकडे न बघता, गालातल्या गालात हसत वेगात सुटलीच. अर्ध्यावर येईपर्यंत पाहुणे ठेका धरायला लागले, एकाने तर वा म्हटलं. त्या खोलीत साहेबांना कुणी मनापासून वा म्हटल्याचं पंडितांना आठवत नव्हतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वा कसलं? वाट लावली हिने त्याची," ते म्हणाले. "चिंगे, दुःख कळत नसेल तर माणसाने वाजवू नये. हात जोडतो तुला, ठेव ती खाली."

चिंगीने गिटार खाली ठेवली आणि पुढे कधी उचलली नाही. वर्षभराने पंडितांनी ती एका सहकाऱ्याच्या भाचीला देऊन टाकली. आपल्या पोरीला चिकाटी नाही, असा निष्कर्षही त्यांनी त्याच वेळी काढला.

पुढे यथावकाश प्लेअर बंद पडला. आतला पट्टा तुटला, तसाच पट्टा मिळेना आणि दुसरा पंडितांना चालेना. तबकडी फळीवर, पंडित लोकांच्या मोबाइलकडे बघून नाक मुरडणार, असा काळ गेला. चिंगी शिकून फिजिओथेरपिस्ट झाली, लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करायला लागली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. पंडित निवृत्त झाले तेव्हा तिने त्यांना नवाकोरा प्लेअर आणून दिला. स्वतः जोडला, सगळं नीट लावून दिलं.

"रविवारी येते, तेव्हा आपण दोघं ऐकू," ती म्हणाली, आणि पेशंट ताटकळलेत म्हणून निघून गेली.

रविवारपर्यंत थांबतील ते पंडित कसले! तिच्या मागे दार लागताच त्यांनी हात धुतले, तबकडी कडेला धरून काढली, फुंकर मारली, सुई टेकवली आणि डोळे मिटून दुःखाची वाट पाहत बसले. दुःख काही आलं नाही. साहेबांचा तो घोगरा उसासा यायचा तिथे एक बाई खुदकन हसली आणि गिटार अशी उसळली की पंडित खुर्चीत दचकले. ड्रमवाला धावत सुटला होता, बेस उड्या मारत होता, आणि संपलेले साहेब शाळा सुटल्यासारखे बागडत होते. पंडितांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात बायको ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून गॅलरीतून लगबगीने आत आली.

"चिंगी परत आली का हो? किती वर्षांनी गिटारला हात लावला पोरीने!" तिने खोलीभर नजर फिरवली. "कुठंय?"

"चिंगी कुठली आलीय? मशीन बिघडलंय," म्हणत पंडितांनी सुई उचलली.

"असू दे की मग बिघडलेलं," ती म्हणाली. "छान वाटत होतं."

पंडितांनी आजकालच्या मालावर, तो बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर भरपूर तोंडसुख घेतलं आणि प्लेअर सगळ्या बाजूंनी तपासला. उजवीकडे एक बटण होतं. त्यावर तेहतीस आणि पंचेचाळीस असे दोन आकडे, म्हणजे तबकडीने मिनिटाला किती फेरे घ्यायचे त्याचे. बटण पंचेचाळीसवर होतं. पोरीने घाईत चुकीचं लावलं, दुसरं काय! पंडितांनी ते तेहतीसवर आणलं आणि साहेब ताबडतोब दुःखी झाले. बायको टॉवेल घेऊन गॅलरीत गेली.

सगळं पुन्हा जागच्या जागी आलं होतं, तरी पंडितांना स्वस्थ बसवेना. चिंगी आली का, हे बायकोने विचारलंच कसं? कान नसलेल्या बाईने? आणि मग त्यांना नोकरीतली आपलीच शिकवण आठवली. लिफ्टच्या मशीनला हात लावण्याआधी तिच्यावरची पाटी वाचायची. वजन किती, वेग किती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. पाटी न वाचता अंदाजाने वेग लावणाऱ्या एका सहकाऱ्याला त्यांनी चारचौघांत मूर्ख म्हटलं होतं. पंडित उठले. त्यांनी तबकडी मांडीवर घेतली आणि दुकानदाराची ती पट्टी आधी नखाने, मग ओल्या फडक्याने, जपून सोडवली. खाली ठसठशीत आकडा होता: पंचेचाळीस. चष्मा पुसून पाहिलं तरी तो बदलला नाही. जुन्या प्लेअरची मोडून आत गेलेली कळ वेगाचीच होती, हेही त्यांना आत्ता आठवलं.

म्हणजे साहेब कधी दुःखी नव्हतेच. बँडच्या कटकटीतून एकदाचे सुटले म्हणून बिचारे आनंदाने नाचत होते, आणि पंडितांनी त्यांना आयुष्यभर सुतकात बसवून ठेवलं होतं. तारा सैल नव्हत्या, उसासा साहेबांचा नव्हता, सिद्धान्ताचा तर पायाच गेला. एवढ्यावर भागलं असतं तर पंडितांनी दोन दिवसांत नवा सिद्धान्त उभा केला असता; त्यांना ते अवघड नव्हतं. पण त्यांनी तबकडी पंचेचाळीसवर लावली, आवाज अगदी बारीक ठेवून. वरच्या सुरांत, मोकळ्या बोटांनी पळणारी ती धून त्यांनी याआधी ऐकली होती. याच खोलीत ऐकली होती आणि हात जोडून बंद पाडली होती. एका पोरीने तुटक्या यंत्रातूनही बरोबर तेच शोधून काढलं होतं. पंडितांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. अर्ध्यावर त्यांनी सुई उचलली.

चिंगीला सांगायचं, असं त्यांनी आठवडाभर ठरवलं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. रविवारी ती दारात दिसली आणि पंडित प्लेअरकडे धावले. ती चपला काढेपर्यंत त्यांनी बटण तेहतीसवर नेलं आणि ती पट्टी थुंकी लावून पुन्हा जागेवर दाबली. जगाला खरं संगीत समजावणाऱ्या माणसाची शेवटची मदार थुंकीवर आली होती.

तबकडी सुरू झाली. उसासा आला. पंडितांचा हात सवयीने वर गेला आणि मध्येच अडकला. चिंगी त्या हाताकडे बघत होती.

"बाबा, मी हे पंचेचाळीसवर लावून गेले होते."

"चुकून लागलं असेल."

"चुकून नाही."

पंडितांनी हात खाली घेतला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"कॉलेजात असल्यापासून. मैत्रिणीच्या घरी हीच तबकडी होती. तिच्या भावाने लावली आणि मला रडूच फुटलं. तशीच धावत घरी आले, तुम्हाला सांगायला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आले तर तुमचे पाहुणे बसले होते. तुम्ही डोळे मिटून त्यांना साहेबांचं दुःख सांगत होतात. इतके खूश होतात ना बाबा, चेहरा नुसता फुलला होता. म्हटलं, जाऊ दे. घरात एकाचं तरी संगीत चालू राहू दे."

जुळवून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही इथे बसत नव्हतं.

"मी गिटार आणतो," ते शेवटी म्हणाले. "नवी आणतो, चांगल्यातली. वाजवशील?"

"नको," चिंगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच पंडितांना सोसेना. "दिवसभर लोकांचे खांदे दाबून हाताला मुंग्या येतात. ती बोटं गेली आता."

ती उठली, बटण फिरवलं, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि गॅलरीकडे तोंड करून आईला हाक मारली. आई आली, लेकीशेजारी टेकली आणि पहिल्याच ठोक्यापासून मान डोलवायला लागली. थोड्या वेळाने मायलेकी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. पंडितांना हसता येईना आणि उठून जाताही येईना. मुलीला त्यांनी जी धून कधी पुरी वाजवू दिली नव्हती, ती दुसऱ्या कुणाच्या हातून ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकत बसले.