मी गजूला डावीकडे खेळवलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. पण आता माझा मलाच इतका राग येतो, की गप्प बसवत नाही.

मी साखरखेर्ड्याचा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. चिखलीतल्या एका संस्थेच्या अध्यक्षांनी मला शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून घेतलं आणि त्यांच्या हॉकी संघाचा कोचही केलं. मी त्यांचे उपकार मानत आलो. तिथेच घाण आहे — त्या मानण्यात.

गजू वरवट बकालचा. उजव्या बगलेवरून वाऱ्यासारखा पळायचा. अध्यक्षांनी त्याच्याशी तीन हंगामांचा करार केला — शाळेत शिपायाचं काम, राहायला खोली, दोन वेळचं जेवण. मग अध्यक्षांच्या पुतण्याला, विकीला, उजवीकडे खेळायचं होतं. मला कुणी हुकूम दिला का? नाही. अध्यक्ष एकदा नुसते म्हणाले, "विकीचं पाहा जरा, सर." मी पाहिलं. गजूला डावीकडे टाकलं.

हॉकीच्या काठीला सपाट बाजू एकच. उजवीकडून पळता पळता चेंडू गोलसमोर देता येतो. डावीकडून त्यासाठी अंग वळवावं लागतं, तोवर समोरचा येऊन भिडतो. हे मला कळत नव्हतं? मी तेच तर शिकवतो!

अख्खा हंगाम गजूचा एक गोल नाही. बैठकीत अध्यक्ष ओरडले, "जावई पोसून राह्यलो का बे आपण?" सगळे हसले. मीही हसलो. कराराचे दोन हंगाम उरले होते. ठरलं — खामगावच्या संघाला गजू द्यायचा, त्यांचा गोलकीपर घ्यायचा.

खामगावच्या कोचचा मला फोन आला. "सर, पोरगं आमी घेतो. पण खरं सांगा, याले झालं काय? गोल काऊन नाही करत?"

एक वाक्य पुरलं असतं — त्याला उजवीकडे खेळवा. गजू सुटला असता. आमच्या संघालाही गोलकीपर मिळाला असता. पण तिकडे जाऊन त्यानं उजवीकडून गोल मारले असते, तर? साऱ्या जिल्ह्यानं विचारलं असतं, चिखलीत याला डावीकडे कोणी टाकलं होतं? का टाकलं होतं?

मी म्हणालो, "कामचोर आहे."

होय — मी. ज्याच्याआधी पोरगं मैदानावर हजर असायचं, तो मी.

अदलाबदल मोडली. खामगावहून माझा शब्द अध्यक्षांच्या कानावर गेला, आणि तोच, माझं नाव न घेता, पुढे करून त्यांनी करारही मोडला. नोकरी गेली, खोली गेली. 'कामचोर' मात्र गेलं नाही. ते पुढच्या प्रत्येक संघाच्या दारात गजूच्या आधी पोचलं. पुन्हा कुणी त्याला घेतलं नाही. विकी अजून उजवीकडेच खेळतो. मी अजून त्याच शाळेत आहे, आणि सव्वीस जानेवारीला पोरांना खिलाडूवृत्तीवर भाषण देतो. थू!

जायच्या दिवशी गजू माझ्या घरी आला. रडला नाही. म्हणाला, "सर, अध्यक्षायनं कोनाचं ऐकलं नसन. तुमी तं माह्यासाठी बोललेच असान."

मी म्हणालो, "हाव."

तो वाकून माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.