इलाहीभाईंचा किरण

इलाहीभाई शिकलगार सिनेमाला जाताना खिशात एक वही, एक शिसपेन्सिल आणि बोटाएवढी बॅटरी घेऊन जायचे. सिनेमा ठरलेला असायचा. अवकाशयानं, यंत्रमानव, पुढच्या शतकातली शहरं असं काहीतरी असलेला परदेशी सिनेमा. नव्वदच्या दशकात आमच्या कोल्हापुरात असे सिनेमे सकाळच्या खेळाला लागत. भाषेचं एक अक्षर त्यांना कळत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. पडद्यावर एखादं यंत्र दिसलं की ते बॅटरी पेटवून वहीत चित्र काढायला लागत.

मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो होतो. बॅटरीचा उजेड पडल्याबरोबर मागून आवाज आला, "ओ पावणं, हिरो मराय लागलाय तिकडं. तुमी काय लिवताय?"

"मरू दे की," इलाहीभाई मान न वळवता म्हणाले. "दार कसं मिटलं ते बघाय लागलोय."

उद्यमनगरातल्या ज्या प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो तिथे ते इलेक्ट्रिशियन होते. शिक्षण सातवी. मोटर वायंडिंगपासून मालकांच्या घरच्या मिक्सरपर्यंत सगळं तेच बघायचे. वयानं माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे, पण शॉपमध्ये मी त्यांना अरे-तुरे करत असे. आता लिहिताना ते जमत नाही.

त्यांच्या वहीत प्रत्येक चित्राखाली एकच शब्द असे. 'थाप' किंवा 'होतंय'. उडणारी मोटार, थाप. माणूस इथे विरघळतो आणि तिथे उगवतो, लई मोठी थाप. खिशात मावणारा बिनतारी फोन, होतंय. मालकांना घरी साधा फोन मिळायला कित्येक वर्षं वाट बघावी लागली होती, त्या काळातली ही नोंद. मी हसलो तर म्हणाले, "हसू नगा साहेब. कुणीतरी डोक्यात बघितलं म्हणून पडद्यावर आलं. पडद्यावर आलं, म्हंजे आता हातात यायचं तेवढंच ऱ्हायलं."

पुढे तसे फोन खरोखर आले तेव्हा त्यांनी मला ते पान आणून दाखवलं नाही. तोवर आमचं बोलणं जवळजवळ संपलं होतं. त्याचं कारण मी आहे. ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

प्रेस शॉप म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचा, पायानं पायडल दाबायचं. वरून काही टनांचा ठोकळा खाली येतो आणि पत्र्याची टोपी तयार होते. दिवसातून काही हजार वेळा हेच. हात आणि पाय यांची लय एकदा जरी चुकली तरी बोटं जातात. उद्यमनगरात त्या काळी चहाच्या टपरीवर उभं राहिलं तर कप धरलेल्या हातांवरूनच कोण प्रेसवर काम करतो ते ओळखू येई.

मी ज्या सिनेमाला गेलो होतो त्यात एका यानाचा जाड दरवाजा मिटत असतो. मध्ये एका माणसाचा हात येतो, लाल किरण तुटतो आणि दरवाजा जागच्या जागी थांबतो. दोन क्षणांचं दृश्य. लोकांचं लक्षही नव्हतं. इलाहीभाई मात्र ताठ बसले. बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाले, "त्या दाराला माणूस कळतोय साहेब. आमच्या प्रेसला न्हाय कळत."

पुढचे चार महिने ते जेवणाच्या सुट्टीत जेवले असतील असं मला वाटत नाही. मोटारसायकलचा एक बल्ब, जुन्या कॅमेऱ्याचं भिंग, लाल काच, आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणलेला, उजेड पडला तरच वीज सोडणारा एक मण्याएवढा तुकडा. साच्याच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला तो मणी. मध्ये हात आला की उजेड तुटायचा आणि पायडल कितीही दाबलं तरी प्रेस हलायचा नाही. मालक बघायला आले तेव्हा इलाहीभाईंनी स्वतःचा उजवा हात साच्यात ठेवला आणि मला म्हणाले, "मारा पायडल." माझा पाय उचलेना. शेवटी त्यांनी स्वतःच मारलं. काही झालं नाही. मालक रुमालानं मान पुसत निघून गेले आणि एका प्रेसवर ते बसवायची परवानगी मिळाली.

त्यांचा एक नियम होता. दिवा गेला, तार तुटली, भिंगावर तेल बसलं, काहीही बिघडलं तरी प्रेस बंदच पडला पाहिजे. "बिघडलं तर माणसाच्या बाजूनं बिघडावं," असं ते म्हणत. फक्त साचा बदलताना सोय म्हणून त्यांनी एक किल्ली ठेवली होती. ती फिरवली की दिवा विझे आणि प्रेस पूर्वीसारखा नुसत्या पायडलवर चाले. दोन किल्ल्या होत्या. एक त्यांच्याकडे, दुसरी माझ्याकडे.

त्या प्रेसवर तानाजी काम करायचा. चंदगडकडचा, सव्वीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला. किरण बसवण्याआधी तो चिमट्यानं पत्रा ठेवायचा. किरण आल्यावर काही महिन्यांतच चिमटा खणात गेला. हातानं काम भराभर होई आणि भीती उरली नव्हती. ते बघून इलाहीभाई एकदा मला म्हणाले, "साहेब, पोरगं चिमटा इसरलं. आता किरण बंद ठेवून प्रेस चालवला तर पयल्यापेक्षा वाईट. किल्ली फिरवली तर आधी तानाजीच्या कानावर घालत जावा."

मी बरं म्हणालो.

त्या वर्षी खंडेनवमीला नेहमीप्रमाणे सगळ्या यंत्रांची पूजा झाली. मालकांच्या आईंनी स्वतःच्या हातानं प्रत्येक प्रेसला झेंडूचा हार घातला. तो आपोआप सुकेपर्यंत काढायचा नाही ही आमच्या शॉपची रीत. किरणवाल्या प्रेसवरचा हार दिव्यापुढे लोंबायचा. आदल्या वर्षी इलाहीभाईंनी तो तारेनं वर बांधून घेतला होता. "देवाला चालतंय की. हार उचलून धरला म्हणून कोण देव रागावला न्हाय," असं म्हणाले होते. यंदा ते लेकीकडे हुपरीला गेले होते, दोन दिवसांच्या रजेवर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. माल दुपारच्या ट्रकनं जायचा होता. तानाजीनं पायडल मारलं, प्रेस हलला नाही. मी जाऊन बघितलं. हारानं किरण अडवला होता. तानाजी पत्रे आणायला मागे गेला होता. मी किल्ली फिरवली आणि तेवढ्यात मालकांचा फोन आला म्हणून ऑफिसात गेलो.

हार वर बांधायला दोन मिनिटं लागली असती. पूजेच्या हाराला हात लावायला नको वाटलं, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला घाई होती, एवढंच. आणि तानाजीला सांगायचं मी विसरलो.

दिवा विझलाय हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. हार दिव्यावर होता.

ओरडणं ऐकून मी धावत आलो तेव्हा त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. झटापटीत हार तुटून खाली पडला होता. पोरांनी त्याला उचलून रिक्षाकडे नेलं. मी तिथे एकटा राहिलो. मी किल्ली फिरवून काढली आणि खिशात टाकली. दिवा परत लागला. जमिनीवर रक्त आणि झेंडू, आणि वर तो लाल ठिपका नीट चालू. ते दृश्य मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

चौकशीला आलेल्यांना मी सांगितलं की किरणाचं यंत्र ऐन वेळी फेल गेलं. मालक म्हणाले, "सिनेमे बघून कारखाने चालवायचे नसतात." हे वाक्य शॉपमध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं.

इलाहीभाई हुपरीहून आले ते थेट दवाखान्यात गेले आणि तिथून माझ्याकडे आले.

"साहेब, तानाजी म्हणतोय हार पडला तवा दिवा बंद हुता."

"वेदनेत माणूस काहीही बोलतो," मी म्हणालो.

"दिवा गेला तर प्रेस चालतच न्हाय. मी तसाच बांधलाय. दिवा बंद आन् प्रेस चालू, हे किल्लीबिगर हुईत न्हाय." मग त्यांनी विचारलं, "किल्ली कुठं हुती?"

"माझ्या खिशात."

हे तसं खोटंही नव्हतं. त्या क्षणी ती खिशातच होती.

ते माझ्या खिशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हणताय म्हंजे तसंच असणार. मग फॉल्ट माझाच."

किरण काढून भंगारात टाकला गेला. इलाहीभाईंनी तो भंगारातून उचलून घरी नेला आणि महिन्याभरात नोकरी सोडली. घराच्या पुढच्या खोलीत मोटर वायंडिंग करू लागले. सिनेमाला पुन्हा गेले नाहीत. आमच्या शॉपमधले प्रेस पायडलवर चालत राहिले आणि पुढच्या काही वर्षांत आणखी दोघांची बोटं गेली. ती दोन माणसंही माझ्याच नावावर आहेत.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजारनंतर, कोल्हापुरात यंत्रसामग्रीचं एक प्रदर्शन भरलं होतं. एका स्टॉलवर प्रेसपुढे लावायचा किरणांचा पडदा मांडला होता. टाय लावलेला एक तरुण सांगत होता की ही परदेशी टेक्नॉलॉजी आहे. गर्दीत इलाहीभाई दिसले. केस पांढरे झाले होते. ते किरणांत हात घालत होते, काढत होते, पुन्हा घालत होते.

"दिवा गेला तर?" त्यांनी त्या तरुणाला विचारलं.

"मशीन थांबतं काका. बिघाड झाला तर मशीन बंदच होणार, असंच डिझाईन केलंय."

इलाहीभाईंनी मागे वळून मला बघितलं. "माझंबी थांबत हुतं साहेब," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला वाटतं, ते विचारत होते. मी "हो" म्हणालो आणि पुढच्या स्टॉलकडे वळलो. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मातीला मी गेलो होतो, पण मागे उभा राहिलो.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. यंदा चंदगडला जाऊन आधी तानाजीला भेटलो. एसटी स्टँडजवळ त्याचं काजूचं दुकान आहे. सगळं ऐकून त्यानं डाव्या हातानं काजूची पाटी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "मी तवाच सांगितलं हुतं की. तुमी इलाहीभाईंस्नी म्हणाला, वेदनेत बोलतोय." त्यानं मला बसा म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, "इलाहीभाईंच्या घरात जाऊन सांगा आधी. ते चार-पाचदा आलते माझ्याकडं. दर खेपेला एकच इचारायचे, दिवा खरंच बंद हुता का."

परत येऊन इलाहीभाईंच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी रजियाभाभी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसल्या होत्या. मी सांगत असताना त्यांचा हात थांबला नाही. सगळं संपल्यावर थांबला.

"हे त्यास्नी सांगायचं हुतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"धा वर्सं त्यो किरणाचा डबा उघडून बसायचे. मी म्हणायची, टाका त्यो भंगारात. म्हणायचे, ह्यात एक तार खोटं बोलतीया, मला घावंना."

त्या उठल्या, आत जाऊन वही घेऊन आल्या आणि एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. मिटत येणाऱ्या दाराचं चित्र होतं, मध्ये एक हात. खाली 'होतंय' लिहून खोडलं होतं. शेजारी 'थाप' लिहिलं होतं. पुढे कधीतरी, वेगळ्या पेनानं, तेही खोडलं होतं. त्याखाली काही नव्हतं. इलाहीभाईंना किल्लीचं कळलं होतं का, हे मला सांगता येणार नाही. कधी वाटतं हो, कधी नाही.

"जागा हाय की खाली," भाभी म्हणाल्या. "लिवा."

मी 'होतंय' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"आता सही करा. न्हाय तर लोक म्हणतील, बायकोनंच लिवलं."

मी सही केली. मग खिशातून ती किल्ली काढून पानावर ठेवली. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात होती. टाकून द्यायचं धाडस झालं नव्हतं.

भाभींनी वही ओढून घेतली तेव्हा किल्ली घरंगळून फरशीवर पडली. त्यांनी ती उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"ही घिऊन जावा. ही आमची न्हवं."

मी ती परत खिशात घातली.