स्थलांतराचा रकाना

नालवाडीच्या त्या घरात सकाळी दोन शाळा भरायच्या. एक पडवीत, बापूजींची. तिथं विद्यार्थी कुणी नसे. पेपर असे आणि रस्त्यानं जाणारा जो सापडेल तो असे. दुसरी आतल्या खोलीत, त्यांच्या सुनेची, नमिताची. तिथं सात वर्षांची मैत्रेयी आणि चार वर्षांचा साकेत. मधल्या दाराला पडदा होता. पण बापूजी जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षं पन्नास पोरांच्या डोक्यावरून गेलेला तो आवाज, पडदा त्याला काय अडवणार?

"भरली आमची युनिव्हर्सिटी," ते दूधवाल्याला सांगत. "आज बकरीवर लेक्चर हाये."

बकरी मात्र खरीच होती. नमितानं जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद रिळाच्या दोऱ्यानं शिवून पुस्तकं केली होती. एका पुस्तकात नालवाडीची बकरी गिरडच्या टेकडीवर जायला निघते आणि भेटेल त्याला रस्ता विचारते. पानावर एक चित्र, खाली एक वाक्य. रेघा नमिताच्या, रंग पोरांचे, त्यामुळे बकरी पानागणिक वेगळ्या रंगाची. विकतची चित्रांची पुस्तकंही घरात होती, पण साकेतला हीच लागायची. बाकीची शाळा स्वयंपाकघरात. तपेलं भरायला किती पेले लागतात, कणकेच्या गोळ्याचे चार सारखे भाग कसे करायचे, तुरीच्या डाळीतली अख्खी, फुटकी, सालवाली निवडून दहा-दहाच्या ढिगल्या कशा लावायच्या.

नमिता अल्लीपूरची, रूपराव पाटलांची मुलगी. डी.एड. झालेली. मास्तरीण सून हवी म्हणून बापूजींनीच तिला पसंत केलं होतं. मग शिक्षकभरती निघेना. वाट पाहता पाहता दोन पोरं झाली, वय उलटून गेलं. तिचं प्रमाणपत्र बापूजींच्या कपाटात, त्यांच्या सत्काराच्या शालींखाली पडून होतं. मैत्रेयीला तिनं केजीतून काढलं त्या वर्षी पुतणीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत, बापूजी म्हणाले होते, "ज्या बाईले एकाही शाळेनं घेतलं नाई, तिनं घरी शाळा काढली." नमिता तेव्हा वाढत होती. तिनं त्यांच्या पानात वरण वाढलं, वर तूप वाढलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. तिचा नवरा केशव कचेरीत कारकून. तो दोघांनाही हो म्हणायचा आणि रोज वेळेच्या अर्धा तास आधी कामावर जायचा.

बापूजींचं दुखणं वेगळं होतं. नोकरीत असताना शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. विटाभट्ट्यांवर जाऊन, आईबापांशी भांडून पोरं काढून आणायची आणि वर्गात बसवायची, हा त्यांचा लौकिक. आता संध्याकाळच्या बाकावर त्यांचेच जुने सोबती भैयाजी सगळ्यांसमोर म्हणाले, गुरुजी, एक शाळाबाह्य त तुमच्याच घरी निघाली. बाकावरचे सगळे हसले. बापूजीही हसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न सांगता, जवळच्या शाळेत जाऊन त्यांनी नातीचं नाव सर्वेक्षणाला दिलं.

तीन दिवसांनी शाळेतल्या आकांक्षा मॅडम फॉर्म घेऊन आल्या. तरुण, घामेजलेल्या, अजून बारा घरं बाकी असलेल्या. बापूजींनी खुर्ची पुढे केली. सुनेला हाक मारली नाही. उजेड बरा म्हणून मैत्रेयी पडवीतच सूप घेऊन बसली होती.

"काय करतेस ग?" मॅडमनी विचारलं.

"डाळ निवडून राह्यली."

"रोज?"

"रोज."

"आणि हा कोण?"

"साकेत. आई भाकरी टाकते तवा मीच पाह्यते त्याले."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. मॅडमनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरकाम व लहान भावंडाचा सांभाळ. बापूजींनी ते समोरून, उलटं असतानाच वाचलं. मास्तरकीत ही कला येतेच. दहाच्या ढिगल्या त्यांना ठाऊक होत्या, पडद्याआडून रोज ऐकत होते. एका वाक्यात सांगता आलं असतं. ते चष्मा पुसत बसले.

नमिता बाहेर आली ती पिठाच्या हातांनी. फॉर्म वाचला आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, मॅडम, पोरगी कामाला जुंपलेली नाही, मोजायला शिकते आहे, ढिगल्या पाहा. ढिगल्यांवर तोवर साकेत बसला होता. मग तिनं बकरीचं पुस्तक आणून मैत्रेयीच्या हातात दिलं.

"वाच माय."

मैत्रेयीनं मॅडमच्या पेनाकडे पाहिलं. "येस मॅडम."

"अगं, वाच ना. पयलं पान."

"येस मॅडम."

हे नमिताला ओळखीचं होतं. केजीत असताना ही पोर घसरगुंडीवरून पडली होती. मनगट मोडलं, आणि दिवसभर कुणाला कळलं नाही; बरी आहेस ना, येस मिस, लिहितेस ना, येस मिस. घरी आल्यावर आईनं सुजलेला हात धरून विचारलं, तेव्हाही तेच. प्लास्टर महिन्याभरात निघालं. तोंडातली ती दोन अक्षरं जायला आठ महिने लागले होते.

"बारा सत्ते किती, मैत्रेयी?" बापूजींनी खुर्चीतूनच विचारलं.

"येस मॅडम," ती आजोबांना म्हणाली.

"पाह्यलं? हे घरचं शिक्षण."

नमितानं पोरीला मागे घेतलं. "नाव तुमी देलं, बापूजी?"

"देलं. लोकायच्या पोरायले हाताले धरून नेलं मी शाळेत. आता लोक मले विचारतेत, तुमच्या घरची काऊन नाई येत."

"म्हंजे शाळा तिले नाई पाह्यजे. तुमच्या इज्जतीले पाह्यजे."

"मंग? मले इज्जत नको काय?"

मॅडमना भांडणात रस नव्हता. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की कुटुंबप्रमुखाची सही झाली की उद्यापासून दुसरीत प्रवेश. शाळेचा पट एकोणीसवर आला आहे, एक नाव वाढलं तर वीस होईल, त्यांच्यावरही वरून दबाव आहे. नमिता हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "म्हंजे तुमालेई नावच पाह्यजे."

बापूजींनी सही केली. वळणदार, तारखेसह.

नमितानं मॅडमच्या हातातून फॉर्म ओढून घेतला. असले फॉर्म डी.एड.ला असताना तिनंही भरले होते. कारणांच्या यादीवरून तिचं पिठाचं बोट खाली सरकत गेलं आणि एका शब्दावर थांबलं.

"हे लिहा. स्थलांतर."

"कुठं?"

"अल्लीपूर."

"कधीपासून, ताई?"

"आजपासून. साडेबाराची गाडी हाये."

बापूजी उठून उभे राहिले. स्थलांतर लिहिलं की गावाच्या यादीतून नाव जातं, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. ते म्हणाले, मॅडम, ही खोटी नोंद होईल. नमिता म्हणाली, पोरगी गावातच नसली तर खोटी कशी. मॅडमनी दोघांकडे पाहून घड्याळात पाहिलं; बदल करायचा तर आधी सही केली त्यांचीच पुन्हा सही लागेल, म्हणाल्या. बापूजींनी पेन परत त्यांच्या हातात दिलं आणि बसले.

नमिता आत गेली. दोन साड्या, पोरांचे कपडे, अकरा पुस्तकं. केशवला फोन केला, तो म्हणाला, संध्याकाळी बोलू ना. ती म्हणाली, बोलू, फोनवर. अल्लीपूरला काय वाढून ठेवलंय ते तिला कळत होतं. भाऊ अंकुश काही बोलायचा नाही, वहिनी रुख्मिणी चार दिवस थांबून विचारेल, किती दिवस राह्यता म्हणून. आणि तिथल्या मास्तरांकडेही हाच फॉर्म. चार महिने मिळतील, फार तर सहा. तेवढे तरी.

ऑटो आला तेव्हा बापूजी फाटकात आडवे उभे होते.

"साकेत इथंच राहीन."

"त्याचं नाव अजून कोन्या यादीत नाई, बापूजी. तोवर त मी नेते."

त्यांनी फाटक सोडलं नाही. तिनं साकेतला कडेवर घेतलं, मैत्रेयीला पुढे घातलं आणि त्यांच्या खांद्याला खांदा घासत बाहेर पडली. ऑटो वळून दिसेनासा झाला तरी मॅडम पडवीतच होत्या.

"सर, काय ठेवू मग?"

"लिव्हलं तेच ठेवा. सही झाली माही."

"पण मुलगी?"

"नाव हाये ना. विसावं."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या दुसरीच्या हजेरीत मैत्रेयीचं नाव चढलं. संध्याकाळी बाकावर बापूजींनी भैयाजींना सांगितलं की नातीचं नाव शाळेत दाखल झालं. भैयाजींनी आदल्या दुपारीच बसस्टँडवर नमिताला पोरांसकट पाहिलं होतं. ते नुसते सरकून बसले आणि बापूजींसाठी केलेली जागा जरा जास्तच झाली.