कोवळं ऊन

नेरुळला आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथं सावली नावाची गोष्ट विकतसुद्धा मिळत नव्हती. रस्ते ऐसपैस, इमारती नव्याकोऱ्या आणि कडेला लोखंडी पिंजऱ्यांत कोंडलेली गुडघ्याएवढी रोपं. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेला बाल्कनी, पश्चिमेला मोठी खिडकी. येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन्हीकडं फिरवून आणायचो आणि सांगायचो, "उजेड बघा. दिवसा दिवा लावायची गरज नाही." बायको आतून ओरडायची, "आता चहा तरी पिऊ द्या त्यांना."

वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचो. सकाळची शिफ्ट. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, त्यामुळे पोरं मला टरकून असायची. पण डीएनएच्या तासाला मागच्या बाकावरचे उनाडसुद्धा हजर, कारण त्या दिवशी मी बाकं सरकवून सगळ्या वर्गाला दोन रांगांत समोरासमोर उभं करायचो. प्रत्येकाच्या छातीवर टाचणीनं एक अक्षर लावायचं. ए असेल त्याच्यासमोर टीच उभा राहणार, जी असेल तिच्यासमोर सीच, दुसरं कुणी चालणार नाही. समोरच्याचा हात धरा म्हटलं की मुली लाजायच्या आणि मुलगे त्यांच्या दुप्पट. म्हणून मी रुमाल धरायला लावायचो, एक टोक हिच्या हातात, दुसरं त्याच्या. ही झाली शिडी. मग शिडीला पीळ द्यायला सांगितलं की हशा आणि धक्काबुक्की सुरू व्हायची आणि शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन माझ्याकडं बघत राहायचे.

पुढं रुमाल सोडायचे, दोन्ही रांगा लांब न्यायच्या आणि दुसऱ्या तुकडीतली मुलं आणून मोकळ्या जागी उभी करायची. जुन्या रांगेकडं बघून नवी रांग आपोआप बरोबर लागायची. एका शिडीच्या दोन शिड्या. पेशी दुभंगताना हेच करते, एवढं पोरांच्या डोक्यात पक्कं बसायचं.

सगळ्यात शेवटी दुरुस्ती. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन टींना मी सांगायचो, समोरच्याचा रुमाल सोडा आणि एकमेकांच्या गळ्यात गळा घाला. उन्हातले अतिनील किरण कातडीत शिरले की शेजारचे दोन टी असेच एकमेकांना चिकटतात, शिडीला तिथं गाठ पडते आणि नक्कल करताना त्या जागी चूक होते; अशा चुका साचल्या की कॅन्सर. हे रोज होतं, आत्ता तुमच्याही हातावर होतंय, असं म्हटलं की सगळी पोरं आपापले हात निरखायला लागायची. मग मी त्यांना धीर द्यायचो. पेशीत प्रथिनं असतात, ती गाठ हुडकून काढतात, दोन्ही बाजूंनी कापून तेवढा तुकडा फेकून देतात आणि समोरच्या रांगेकडं बघून नवा भरतात. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, पण ती प्रथिनंच नसली तर?" मी म्हटलं, "मग अवघड आहे." तेवढ्यात घंटा झाली.

माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या साताऱ्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क असतो, आणि माझ्या आईनं तर आपल्या भावाच्या घरी पाळणा हलला तेव्हाच सांगून टाकलं होतं की ही माझी सून. स्टाफरूममध्ये माझी भरपूर चेष्टा व्हायची. जीवशास्त्राचे सर आणि मामाची मुलगी! मीही हसायचो. मला कुणी बळजबरी केली नव्हती. मला ती लहानपणापासून आवडायची, आणि आपल्या आत्याच्याच घरात यायचं म्हणून तीही खुशीत होती. आमच्या घरात सासू-सुनेचं भांडण कसं ते मी कधी पाहिलंच नाही.

मुलगी झाली तेव्हा आई गावाकडून आली ती कायमचीच. बाळाला तेल लावून रगडायची, अंघोळ, शेक, धुरी आणि त्यानंतर कोवळं ऊन. आमच्याकडं बाळ वाढतं ते उन्हावर. आमच्या सगळ्या खानदानातली पोरं अशीच तेलानं चकचकीत करून अंगणात ठेवलेली. इथं अंगण नव्हतं, पण पूर्वेची बाल्कनी होती. आई तिथं पाय पसरून बसायची आणि पायांवर पोर.

काही आठवड्यांतच पोरीच्या गालांवर फोड आले. तेल बदललं. साबण बदलला. एक डॉक्टर म्हणाले घामोळं, दुसरे म्हणाले अॅलर्जी. वर्षाची झाली तोवर तिच्या तोंडावर आणि हातांवर बारीक काळसर ठिपके उमटले होते, आणि उजेडात नेलं की ती डोळे घट्ट मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, लाजरी आहे. आई म्हणायची, अशक्त हाय, आजून ऊन पायजे.

मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. रोगाचं नाव लांबलचक होतं, झेरोडर्मा पिगमेंटोसम. मग त्यांनी कागद पुढं ओढून सवयीनं शिडी काढायला घेतली आणि सांगू लागल्या, "बघा, उन्हामुळं आपल्या पेशींत..." पुढचं सगळं मीच सांगितलं. गाठ पडते, प्रथिनं ती कापतात, हिच्यात ती प्रथिनं नीट नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "हेच शिकवतो." बायको आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "औषध लिहून द्यायचं विसरल्या का त्या?" औषध नव्हतंच. उजेडापासून जपा, एवढंच होतं.

हिशेब सोपा आहे, फळ्यावर मी तो दरवर्षी मांडायचो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. या रोगात एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं, माणसाला काही कळतसुद्धा नाही. आमच्या आजोबांकडं किंवा आजीकडं तशी एक असणार. ती माझ्या आईकडं आली, तशीच मामाकडंही गेली. आईकडून मला, मामाकडून माझ्या बायकोला. आम्ही सगळे धडधाकट. आम्ही दोघांनी पोरीला आपापली एकेक प्रत दिली आणि दोन्ही नेमक्या बिघडलेल्या गेल्या. माझ्याकडं चांगली होती हो. पण कुठली द्यायची हे कुणी बापाला विचारत नाही.

मग घरात अंधार करायचं काम सुरू झालं. ज्या उजेडाचा मी तोरा मिरवत होतो त्याच्या मागं मी हात धुऊन लागलो. बाल्कनीला जाड पडदे, खिडक्यांच्या काचांना गाड्यांना लावतात ती काळी फिल्म. ती लावायला तुर्भ्याहून बोलावलेला माणूस विचारत होता, "साहेब, फोटो स्टुडिओ काढताय का?" मी त्याच्यावर उगाच खेकसलो. पोरगी दिवसभर आत. दिवेलागणीला खाली मैदानात जायची, तेव्हा बाकीची मुलं हातपाय धुवायला वर निघालेली असायची. ती एकटीच झोपाळ्यावर बसायची, आणि झोका द्यायला मी. शाळेनं नाही म्हटलं नाही, पण वर्गाला तिन्ही बाजूंनी खिडक्या होत्या. ती घरीच शिकली. फार भराभर शिकली, त्याचाही मला त्रासच व्हायचा.

आईला मी ऊन बंद म्हणून सांगितलं होतं आणि तिनं मान हलवली होती. दुपारी कुणी दार उघडं टाकलं की तीच धावून जायची. पण एकदा कॉलेजात तास झाले नाहीत म्हणून मी सकाळीच परत फिरलो. रस्त्यावरून सहज वर बघितलं तर आमच्या बाल्कनीचा पडदा गुंडाळून बांधलेला, आणि आई पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. पोरगी चार वर्षांची घोडी झाली होती, तरी मांडीवर. तिनं डोळे मिटून तोंड आजीच्या पदरात खुपसलं होतं, आणि आई अगदी मायेनं तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवत होती.

मी जिने कसा चढलो मला माहीत नाही. पडदा ओढला तो दांडीसकट खाली आला. बायको पोळ्या टाकून धावत आली. तिला वाटत होतं आत्या रोज पोरीला घेऊन आतल्या खोलीत गोष्टी सांगतात. मी आईला नाही नाही ते बोललो. ती घाबरली नाही, बुचकळ्यात पडली.

"आरं, ऊन कुटं दाखवलं मी? कोवळं हाय ह्ये. ह्याला का कुनी ऊन म्हनतं व्हय?"

तेव्हा कुठं मला उमजलं की गेली दोन वर्षं आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो. तिच्या लेखी ऊन म्हणजे रानात माणूस भोवळ येऊन पडतं ते. सकाळचं ते औषध. डॉक्टरांनी औषध दिलं नाही म्हणून ती आपल्या परीनं देत होती, माझं डोकं फिरेल म्हणून मी घरातून गेल्यावर.

राग ओसरल्यावर मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो. ती शिवत असलेली गोधडी कोपऱ्यात पडली होती, ती ओढून घेतली. तिला म्हटलं, आपल्या अंगात असे दोन पदर असतात, आणि उन्हानं, कोवळ्यासुद्धा, त्याला रोज भोकं पडतात. तुझ्या-माझ्यात ठिगळ लावणारं कुणीतरी आत बसलंय, ते खालच्या पदराकडं बघून वरचं शिवतं. हिच्यात तेच नाही. पडलेलं भोक तसंच राहतं. आई गोधडीवरून हात फिरवत ऐकत होती. माझा एवढा चांगला तास कधी झाला नसेल.

"म्हंजे मी रोज भोकं पाडीत हुते," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. तू ऊन दाखवायच्या आधीपासूनच पडतायत ती, म्हटलं. तो पडदा तिनंच परत शिवून दांडीवर चढवला आणि त्यानंतर तिनं स्वतःसुद्धा बाल्कनीत पाऊल टाकलं नाही. तुळशीला पाणी घालायचं काम बायकोकडं आलं.

एवढं सगळं करून पोरीच्या सातव्या वर्षी तिच्या नाकाच्या शेंड्यापाशी मुगाच्या दाण्याएवढी गाठ आली. खपली धरायची, निघायची, रक्त यायचं. कसली गाठ ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्यांनी शिडी काढली होती त्याच बाईंनी ती कापून काढायचं ठरवलं. ही निघेल, म्हणाल्या, पण पुढंही येत राहतील. मी मान हलवली. वर्गात हुशार मुलं हलवतात तशी.

त्या दिवशी पोरीला टोपी, गॉगल आणि लांब हातमोजे घालून टॅक्सीनं नेलं. आत नेताना ती रडली नाही. गॉगल काढायला लागेल का, एवढंच तिनं विचारलं. बायको तिच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. मी आणि आई बाकावर. मी समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होतो, वरून खाली आणि परत वरून.

बाई आत जायला निघाल्या तेव्हा आई उठली आणि त्यांच्या वाटेत आडवी आली.

"बाय, ते ठिगळ लावनारं माज्यात हाय, आसं ह्यो म्हनतो. खरं हाय न्हवं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हो आजी, आहे."

"मग माजं काडून घाला तिला. माजं काय काम हाय आता त्येचं?"

आणि तिनं चोळीची घट्ट बाही दंडापर्यंत वर सारली आणि हात पुढं केला. रक्त देताना करतात तसा. उन्हातान्हात सत्तर वर्षं राबलेला तो हात, काळा, सुरकुतलेला आणि पूर्ण निरोगी.

बाई हळूच म्हणाल्या, "आजी, असं काढून देता येत नाही हो."

"म्हातारीचं चालत न्हाई व्हय?" आईनं माझ्याकडं बोट केलं. "मग ह्येचं घ्या. ह्यो तरना हाय. बाप हाय तिचा."

असं काही करता येत नाही हे त्या इमारतीत त्या डॉक्टरीणबाईंच्या इतकंच मलाही माहीत होतं. का करता येत नाही हे मी फळ्यावर चित्र काढून सांगू शकलो असतो. तरी बाईंनी माझ्याकडं बघितलं तेव्हा मी उभा होतो आणि माझ्या शर्टाच्या बाहीचं बटण मी सोडलेलं होतं.