सरांच्या होकारासाठी लातूर

नांदेडहून लातूरला मी पन्नास वेळा तरी गेले असेन, पण कुणाचा होकार आणायला पहिल्यांदाच निघाले. काळ्या मातीवर माझी पीएचडी. नेदरलँड्समधल्या एका प्राध्यापक बाईंनी माझं ऑनलाइन भाषण ऐकलं आणि मेल केला: पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, दोन वर्षांची जागा आहे, येणार का, बुधवारपर्यंत कळव. मी लगेच लिहिलं, "माझ्या सरांना विचारून कळवते." आमच्याकडे गाईडला न विचारता अर्ज टाकला, की पोरीला शिंगं फुटली म्हणतात. माझे गाईड म्हणजे हेच सर, निवृत्त होऊन लातूरला असतात. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, फोन बंद. बुधवार उलटला, तरी दोन दिवसांनी काय बिघडतंय, म्हणत मी शुक्रवारी निघाले.

सकाळी सातची एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन तासांत पोचवते. बायकांना अर्धं तिकीट. उजवीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. दोन्ही बाजूंना तूर पिवळीधमक फुललेली. अहमदपूरला बस थांबते तेव्हा स्टँडवरची गरम भजी चुकवू नका. शेजारी चाकूरच्या एक मावशी होत्या.

"कुठं निघालीस गं?"

"लातूरला, सरांकडं. परदेशात नोकरी आलीय, विचारायला चाललेय."

"जायचंय तुला, अन् इचारायचं त्यायला?"

मला रागच आला. मावशींना काय कळतंय, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

लातूरला उतरून गोलाईच्या बाजारात मोसंबी घेतली, रिक्षा केली. सर काळा चष्मा लावून व्हरांड्यात बसले होते. मी पाया पडले आणि सगळं सांगितलं.

"अर्ज केलास?"

"नाही सर. तुम्हाला विचारल्याशिवाय कसा करणार?"

"मला कशाला इचारतेस? लई चांगली जागा हाय. आत्ताच्या आत्ता लिही."

तिथंच मोबाईल उघडला. प्राध्यापक बाईंचा मेल रात्रीच येऊन पडला होता. तुझ्या उत्तरावरून तुझं मन होत नाही असं वाटलं, बुधवारपर्यंत वाट पाहिली, दुसऱ्या उमेदवाराला घेतलं, तुला शुभेच्छा. मी सरांना वाचून दाखवलं. त्यांनी मोसंबीची पिशवी बाजूला सरकवली.

"मी न्हाई म्हणलो असतो का गं?"

"नाही सर."

"मग?"

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, वाढलेला भात ताटात तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये मला खूप रडू आलं. सरांचा मान वगैरे ठीक आहे, पण खरं म्हणजे मी घाबरले होते. जायचं की नाही हे दुसऱ्या कुणीतरी ठरवावं, असं मला वाटत होतं. तुम्ही युरोपात जागा शोधत असाल तर प्राध्यापकाला स्वतःच्या नावानं थेट लिहा, हो असेल तर त्याच दिवशी हो म्हणा. गाईडला पेढे घेऊन नंतर भेटा. पीएचडी होऊन फार वर्षं झाली की पुष्कळ जागा बंद होतात. माझ्यासाठी ही बहुधा शेवटचीच होती.

सोमवारी, मी शिकवते त्या कॉलेजात, माझी एक विद्यार्थिनी दारात उभी. "मॅडम, जर्मनीत एक जागा निघालीय. तुम्ही म्हणत असाल तर अर्ज करते." मी तिला तिथंच बसवून अर्ज भरायला लावला. पण तिनं आधी मला विचारलं, याचं मला बरं वाटलं, आणि त्याचीच मला लाज वाटतेय.