सांगडीची गाठ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही, देवासमोर उभं राहून मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथंही मी भलतंच काहीतरी पुटपुटून, घंटा वाजवून घरी यायचो. तुला सांगतोय. का, ते विचारू नकोस. तोंड उघडलंय तोवर ऐकून घे.

मी मूळचा पाथर्डीकडचा. जातीनं भोई, पण आमच्या घरात मासेमारी नव्हती, भट्टी होती. वाळू तापवायची, हरभरे भाजायचे, बाजाराला फुटाण्यांची पाटी घेऊन बसायचं. पाण्याशी आमचा संबंध रांजणापुरता. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत लग्न झालं आणि मी बेलापूरला सासऱ्यांकडे राहायला आलो. घरजावई! तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठ फिरली की मी 'फुटाणेवाला'. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. प्रवरेच्या काठाला त्यांच्या गाठीचं नाव होतं. गळ असो, जाळं असो, सांगड असो — मामांनी बांधली म्हणजे बघायला नको.

आणि बघायचं नाहीच, असा रिवाजही होता. गाठ मारली की थुंकी लावून ओली करायची, मगच करकचून ओढायची; कोरडी ओढलेली गाठ पाण्यात दगा देते. ज्याची थुंकी लागली त्याची गाठ. मग दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. लावलाच, तर ती गाठ त्याची, आणि तिचं जे काय बरंवाईट होईल तेही त्याच्याच माथी.

मला मामांनीच शिकवलं. हातावर मारून शिकवलं, खोटं कशाला बोलू? टोक कसं जातं त्यावर सगळा खेळ. पेडाखालून सरळ बाहेर काढलं तर निरगाठ — जितकी ओढशील तितकी आवळते. दुमडून घातलं तर सुरगाठ — एका हिसक्यात सुटते. माझी बोटं भट्टीवरची, जाड, चटके खाल्लेली. तरी हळूहळू जमायला लागलं. मामा बोलले काही नाहीत, पण एकदा मी बांधलेला गळ घेऊन ते नदीवर गेले. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली.

सांगतो, सांगतो. उगाच भट्टीभोवती घिरट्या घालतोय, मला कळतंय.

किसन हा मामांचा एकुलता एक मुलगा. माझा मेव्हणा, विशीतला. काय पोहायचा! सांगड म्हणजे दोरीनं जोडलेले दोन वाळके भोपळे. त्यावर छाती टेकायची, हातानं पाणी मारत जायचं आणि पलीकडं जाळं लावायचं. श्रावणातली गोष्ट. नदी गढूळ, पाण्याला ओढ. मामा काठावर बसून सांगड बांधत होते, मी शेजारी जाळं झटकत होतो. मामांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. घरात सगळ्यांना ठाऊक, बोलायचं कुणी नाही. बोटं नुसती सवयीनं चालत होती. आणि मी बघितलं — टोक दुमडून गेलं.

सुरगाठ.

मामांनी थुंकी लावली, ओढली, आणि मान वर करून किसनला म्हणाले, "जा."

मला दिसलं होतं रे. उन्हात, हाताच्या अंतरावर, स्वच्छ दिसलं होतं. "मामा, जरा थांबा" — एवढंच म्हणायचं होतं. पण ज्यांनी मला शिकवलं त्यांचंच चुकलं, हे मी सांगायचं? फुटाणेवाल्यानं? काठावर त्यांचे भाऊबंद बसलेले. मी भ्यालो. निभेल, म्हणालो मनाशी. आणि जाळं उचलून किसनच्या खांद्यावर दिलं. माझ्या या हातांनी दिलं.

मधोमध गेल्यावर एक भोपळा सुटला. एकटाच उड्या मारत वाहत चालला, आणि किसन दिसेना. धावले ते बाकीचे. खाली बंधाऱ्याच्या दगडांवर आदळला होता तो. बाभळीची फांदी हाताला लागली म्हणून जिवानिशी वाचला. उजवा खांदा मोडला, तो शेवटपर्यंत धड झाला नाही.

पण हा माझा गुन्हा नव्हे. म्हणजे — हाही आहेच. पण पुढचा ऐक.

उरलेल्या भोपळ्याला दोरी लोंबत आली होती, सरळ, मोकळी. सुरगाठ सुटली की मागं काही राहत नाही. घरी आल्यावर मामा ती दोरी बोटांनी चाचपत बसले. मग सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "जावईबापू, तुमी शेजारी हुता. माझी गाठ कशी हुती?"

काय सांगणार? सुरगाठ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला — मग त्याला जाऊ कसा दिलात?

"निरगाठ हुती, मामा," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ऐकू आला. शांत, अदबशीर. मी हबकलो. इतकं सोपं असतं हे? जीभ अडखळत नाही, घशात काही अडकत नाही?

मामांची गाठ बरोबर होती म्हटल्यावर राहिलं कोण? किसननंच तिला हात लावला असणार. "म्या न्हाई लावला हात, आबा! शपथ घेतो!" तो खाटेवरून ओरडला. खांद्याला पाला बांधलेला, अंगात ताप. मामा म्हणाले, "मग काय नदीनं सोडली?" आणि त्यांनी लेकाशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवर जेवायचे, पण शब्द नाही. माझी बायको, त्याची सख्खी बहीण, तीसुद्धा म्हणायची, "लई शहाना झाल्ता. बापाची गाठ तपासाय गेला." मी ताटाकडं बघत जेवायचो.

दिवाळीच्या सुमाराला एकदा आम्ही दोघंच घाटावर होतो. किसन हात झोळीत अडकवून बसलेला, पार वाळून गेलेला. मला वाटलं, आता हा विचारणार — दाजी, खरं काय ते सांगा. मी मनाशी ठरवलंही. विचारलं तर सांगून टाकायचं. देवाशपथ, ठरवलं होतं.

त्यानं विचारलं, "दाजी, लावला असंल का म्या हात? आन इसारलो असंल?"

त्याला त्याचं स्वतःचंच खरं वाटेनासं झालं होतं. आबा खोटं बोलायचे नाहीत, दाजी खोटं बोलायचा नाही, मग चुकलो असू ते आपणच. असं त्या पोरानं धरलं होतं. माझ्यावर इतका विश्वास? माझ्यावर? आणि एक शब्द पुरे होता. 'नाही' — एवढाच.

"असंल," मी म्हणालो. "घाईत व्हतं मानसाकडनं."

तो ढसाढसा रडला. मग उठला, घरी गेला आणि मामांच्या पायावर डोकं ठेवून, जी चूक त्यानं केलीच नव्हती तिची माफी मागितली. मामांनी त्याला पोटाशी धरलं. बायकोनं त्या दिवशी गोडाचं केलं. मामा भाऊबंदांत सांगत सुटले, जावईबापूंनी पोराला ताळ्यावर आणलं म्हणून. लोकांनी माझं कौतुक केलं. आणि मी ते घेतलं. मान खाली घालून, शहाण्यासारखा हसून घेतलं! आजही आठवलं की वाटतं — तो हसणारा माणूस मीच होतो?

त्यानंतर किसननं गाठ मारणं सोडलं ते कायमचं. खांद्यामुळं म्हणशील, तर नाही. बोटं त्याची धड होती. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई," म्हणायचा. त्याचं लग्न झालं, पोरं झाली, मामा गेले, आम्ही दोघं म्हातारे झालो. गळ बांधायचा असो, जाळ्याचं भोक सांधायचं असो, साधी शेळी खुंट्याला बांधायची असो, तो दोरी घेऊन माझ्या दारात यायचा. "दाजी, तेवढी मारून द्या. तुमच्या हातची असली म्हंजी घोर न्हाई."

पोरं हसायची त्याला. माझी पोरंसुद्धा. मी त्यांना कधी गप्प बस म्हणालो नाही.

गेल्या उन्हाळ्यात किसन गेला. आदल्या दिवशीही आला होता, शेळीचं दावं घेऊन. उन्हातनं चालत आलेला, धापा टाकत. मी गाठ मारून दिली. त्यानं दावं खांद्यावर टाकलं, आणि जाता जाता मला हात जोडले.