फुटणाऱ्या शेंगांचा नकाशा

पीएचडीसाठी सोयाबीन निवडलं तेव्हा मी कधी वावरात पाय ठेवलेला नव्हता. आमचं कारंजा लाडला कापडाचं दुकान. शेती पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. मला आवड होती ती आकड्यांची. काही गुण असे असतात की त्यांचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही, कमी-जास्त असंच द्यावं लागतं. त्यामागे असलेली जनुकं गुणसूत्रांवर नेमकी कुठं बसली आहेत, हे आकड्यांच्या मदतीनं शोधायचं, हा माझा विषय. मी घेतलेला गुण होता शेंगा फुटणं. कापणीला चार दिवस उशीर झाला की काही सोयाबीन उभ्याउभ्या तडकतं आणि दाणे मातीत जातात. काही मात्र टिकून राहतं.

टिकणारं एक वाण आणि फुटणारं एक, यांच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले शंभरावर वंश माझ्याकडे होते. प्रत्येकात दोन्ही मायबापांच्या गुणसूत्रांचे तुकडे निराळ्या रीतीनं मिसळलेले. केनवडच्या एका शेतकऱ्यानं पेरायला वावराचा तुकडा दिला, आणि शेंगा मोजायला त्यांच्याकडे वर्षानुवर्षं निंदायला येणारी एक मावशी मिळाली. साठीच्या आसपासची, चौथी शिकलेली.

पहिल्याच दिवशी तिनं अर्धवट चिरलेली एक शेंग माझ्यापुढं धरली.

"ही कुठं लिहू? फुटली का नाई?"

"असू दे मावशी, न फुटलेल्यात टाका."

"असू दे नाई. एकदा काय ते ठरव, मंग सगळ्याइले तेच लागू."

मी ठरवलं, वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. पुढचे पंधरा दिवस ऊन उतरेपर्यंत ती मोजत राहिली. तिनं मोजलेले काही वाफे मी गुपचूप पुन्हा मोजले. एकदाही फरक आला नाही. माझ्या मोजण्यात मात्र दोनदा आला, आणि तो तिनंच दाखवला.

मग मी खोलीवर बसून हिशोब चालवला. रीत तशी साधी आहे. गुणसूत्रावर ठिकठिकाणी ओळखीच्या खुणा असतात. एक खूण घ्यायची, तिथं बापाचा तुकडा असलेले वंश एका बाजूला, आईचा तुकडा असलेले दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडं सरासरी किती शेंगा फुटल्या ते पाहायचं. फरक मोठा असेल तर आसपास कुठंतरी आपलं जनुक असण्याची शक्यता. सगळ्या खुणांचा आलेख काढला की तिथं शिखर उभं राहतं. माझ्या आलेखात शिखर नव्हतंच. लहानमोठे उंचवटे, तेही ज्या रेषेच्या वर गेल्याशिवाय शिखरावर भरवसा ठेवता येत नाही, तिच्या खाली.

दुसऱ्या दिवशी मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून रडत होते. मावशी खराटा घेऊन उरलेला पाला गोळा करत होती.

"काहून रडून राह्यली व माय?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली आणि वावराकडं पाहत म्हणाली, "तुयं त सारं सरमिसळ झालं. त्या बाजूले खाली मुरूम हाय. तिथलं सोयाबीन आधी वायते, आधी फुटते. वाण कोनतंबी असो."

"पण उतार तर नाल्याकडं आहे. मी उतार पाहूनच सारख्या जमिनीच्या वाफ्यांचे गट पाडले."

"उतार डोयाले दिसते. मुरूम दिसत नाई. निंदताना खुरपं खरखरते तिथं."

तिनं पायातली चप्पल काढली, फक्कीचं, म्हणजे पांढऱ्या भुकटीचं, टोपलं मागवलं आणि वावरात शिरली. कुठं थांबायची, खुरपं दोनदा ओढायची, मूठभर फक्की टाकायची, पुढं जायची. तासाभरानं काळ्या मातीवर पांढरी वाकडीतिकडी रेघ उमटली, माझ्या गटांना आडवी छेदून गेलेली. मी कुदळ घेऊन प्रत्येक वाफ्याच्या कडेला खड्डा केला. रेघेपलीकडं वीतभर खाली मुरूम, अलीकडं हातभर खणलं तरी काळी माती. दोन दिवस आम्ही दोघींनी खोली मोजून लिहिली.

ती खोली हिशोबात घेतली आणि जमिनीमुळे पडणारा फरक वेगळा काढला. एका गुणसूत्रावर शिखर उभं राहिलं, रेषेच्या चांगलं वर. दुसरं एक लहान शिखर रेषा जेमतेम ओलांडून गेलं. मी धावतच तिच्या घरी गेले आणि लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला.

मला वाटलं होतं ती खुश होईल. तिनं शिखरावर बोट ठेवलं.

"पहिले नाई आलं. मंग तू हिशोब बदलला, मंग आलं. आता हे खरं कायवरून?"

असा नेमका प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता. मी वीस चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एकेका वंशाच्या फुटलेल्या शेंगांचा आकडा. खुणेप्रमाणं दोन ढीग केले आणि सरासरीतला फरक तिला दाखवला. मग सगळ्या चिठ्ठ्या मिसळल्या आणि न पाहता पुन्हा दोन ढीग केले. आता फरक आला तर तो निव्वळ नशिबाचा. ती स्वतः मिसळू लागली. आठव्या की नवव्या खेपेला फरक जवळपास पहिल्याइतकाच आला.

"पाह्य! नशिबानंबी येते."

"येतो ना. म्हणून संगणकानं सगळे आकडे हजार वेळा मिसळले. नशिबानं शिखर किती उंच जातं ते पाहूनच ती रेषा काढली आहे. आपलं मोठं शिखर तिच्या बरंच वर आहे."

तिनं मान हलवली. "तरी एका वावरात आलं म्हंजे आलं नाई. दुसऱ्या वावरात पेर."

माझ्या मार्गदर्शकांनीही पुढं तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत.

पुढच्या खरिपात मी तेच वंश कारंज्याजवळ पेरले. या वेळी आधी खड्डे घेतले, मग गट पाडले. मोजायला मावशी आली, आठ दिवस आमच्या घरी राहिली. माझ्या आईला तिनं कापडाच्या थानातला एक विणीचा दोषही दाखवला, जो आमच्या दुकानात कुणाला दिसला नव्हता.

मोठं शिखर त्याच जागी आलं, पण उंची पहिल्यापेक्षा कमी. पहिल्या खेपेला परिणाम खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आता स्वतःच्या आकड्यांत पाहिलं. लहान शिखर आलंच नाही. मला ते फार आवडलं होतं, त्यावर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण लिहून ठेवलं होतं. ते काढून टाकलं आणि दुसऱ्या वावरात हे शिखर आलं नाही, एवढंच लिहिलं.

पदवी मिळाली तेव्हा मी तिला फोन केला. आमच्या खुणेवरून निवडलेल्या रोपांचे नवे संकर सुरू झालेत, पण वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला अजून बरीच वर्षं लागतील, असं सांगितलं. लहान शिखराचं काय झालं, हे तिनं आपणहून विचारलं.

"ते खोटं निघालं, मावशी."

"निघू दे. लिवलं ना तसं?"

"लिहिलं."

"मंग झालं त. ठेवतो आता, तुरीच्या शेंगा तोडाले जाचं हाय," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.